सकाळच्या शाळेतलं कपाट

मार्च लागला की शाळा सकाळची होते. आमच्या खराडीत बहुतेक मुलांना आता बसगाड्याच दारात सोडतात, त्यांना सकाळ काय आणि दुपार काय. पण नदीकडच्या वस्तीतली काही मुलं अजून पायी जातात. साडेअकराच्या सुमारास ती परत येताना दिसतात. दप्तर डोक्यावर, सावली पायाखाली गोळा झालेली, आणि चालीत सुट्टीच्या आधीचा तो सैलपणा. मी नवव्या मजल्यावर घरून काम करत बसलेली असते. कानात कुणीतरी बोलत असतं, समोरच्या पडद्यावर आठ चौकोनांत आठ चेहरे असतात, आणि नजर खाली रस्त्यावर गेलेली असते.

हल्ली मी बरीच दमलेली असते. काही दुखत-खुपत नाही. परवा डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. मग आपल्याला नक्की होतंय काय?" पुण्यातले डॉक्टर. प्रश्नही असा विचारतात की आपणच ओशाळावं. त्यांना काय सांगणार? बाकी महिन्यांची दमणूक कामाची असते, वयाची असते, आईच्या आजारपणाची होती. मार्चमधली मात्र जुनी आहे, वीसेक वर्षांपूर्वीची. फाल्गुनातल्या कोरड्या वाऱ्याबरोबर ती येते आणि एप्रिल संपेपर्यंत मुक्काम करते.

त्या वर्षी मी धनकवडीला आणखी दोघींबरोबर एका भाड्याच्या घरात राहत होते. नागपूरहून नोकरीसाठी आले त्याला चार वर्षं झाली होती. कंपनीची पहिली बस कात्रजहून पहाटे सुटायची. डेअरीतून बाहेर पडणाऱ्या दुधाच्या गाड्या आणि आमची बस एकाच वेळी हायवेला लागायच्या. खिडकीच्या काचेला डोकं टेकून मी झोपायचे आणि हिंजवडीचं वळण आलं की आपोआप जागी व्हायचे. हिंजवडीतल्या काचेच्या इमारती तेव्हा अगदी नव्या होत्या. त्यांच्या मागे लगेच हरभऱ्याची शेतं होती. पाचव्या मजल्यावरच्या आमच्या कँटीनमधून मेंढरं दिसायची, आणि लिफ्टमध्ये शिरताना कधीकधी बुटांना लागलेला शेणाचा वास यायचा. दोन जगं एकमेकांना इतकी चिकटून होती की मधली भिंत उडी मारून ओलांडता आली असती. आम्ही कुणी मारत नव्हतो, एवढंच.

फेब्रुवारीत खोके आले. कंपनीच्या परदेशातल्या ऑफिसातल्या लोकांनी घरोघरची मुलांची पुस्तकं गोळा करून जहाजानं पाठवली होती. स्वागतकक्षात छातीइतकी उंच चळत लागली. प्रत्येक खोक्यावर इंग्रजीत छापलेली चिठ्ठी होती: विकसनशील देशांतल्या मुलांसाठी. ती वाचून मला गंमत वाटली, आणि थोडं कसंसंही झालं. मी तिथे गळ्यात ओळखपत्र अडकवून, हातात कॉफीचा कप घेऊन उभी होते. आणि ती चिठ्ठी माझ्याबद्दलही होती.

"अर्चना, तू पुस्तकवाली आहेस. मागच्या वाडीतल्या शाळेत ग्रंथालय काढायचंय, हे तुझं," आमचा मॅनेजर समीर म्हणाला.

मी पुस्तकवाली होते ते खरं. नागपुरात आमच्या वस्तीत विहाराला लागून एक वाचनाची खोली होती. एक लांब टेबल, दोन बाकं, भिंतीला पुस्तकांच्या फळ्या. बाबा गिरणीतून आले की हातपाय धुऊन तिथे जायचे, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. मी त्यांच्या शेजारी बसून हाताला लागेल ते वाचायचे. इंजिनिअर झाले ती त्या बाकावर बसून झाले, असं मी आजही मानते. त्यामुळे 'शाळेत ग्रंथालय काढायचं' हे शब्द कानावर पडले तेव्हा मला दुसरं काही ऐकूच आलं नाही.

खोके फोडले. परदेशी कागदाचा एक गार, गुळगुळीत वास असतो, तो सगळ्या मजल्यावर पसरला. आत काय नव्हतं! केक कसे भाजावेत, घोड्यांची निगा कशी राखावी, कुणीतरी आधीच रंगवून टाकलेली चित्रं, एकच भाग आलेला विश्वकोश. पण त्यातच मधूनमधून अशी देखणी चित्रांची पुस्तकं की हातातून खाली ठेववत नव्हती.

"समीर, ही सगळी इंग्रजी आहेत. त्या शाळेत चौथीपर्यंतची मुलं आहेत. त्यांना मराठीच जेमतेम येतं. कित्येकांना तेही नाही."

"अगं, नथिंगपेक्षा समथिंग बरं ना," तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला सोमवारी फोटो पाठवायचे होते.

आमच्या कँटीनमधून दिसणाऱ्या वाडीतली ती शाळा. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, समोर कडुलिंब, बाजूला खिचडी शिजवायला विटांचा आडोसा. निम्मी मुलं गावातली, निम्मी आमच्याच इमारती बांधणाऱ्या मजुरांची. कर्नाटकातून, मराठवाड्यातून आलेली. शिक्षक दोन; त्यातले एक कायम कुठल्या ना कुठल्या सरकारी कामावर. राहिले शितोळे गुरुजी, चार वर्गांना मिळून एकटे. पन्नाशीचे, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगानं आता नवीन काही करून दाखवू नये.

उद्घाटनाला आम्ही चाळीस जण गेलो. एकसारखे टी-शर्ट, लाल फीत, लाडू-चिवडा. लोखंडी कपाट कंपनीनं दिलं होतं. फोटोवाला मुलांना म्हणाला, "पुस्तक उघडा आणि वाचताय असं करा." मुलांनी ते इतकं छान केलं की माझा जीव गलबलला. एकीनं तर ओळीवरून बोटही फिरवलं. गुरुजी शेवटी दोन शब्द बोलले, "मान्यवर आले, आभारी आहे. ऊन फार आहे, मुलांना सोडतो."

दोन आठवड्यांनी, मार्चच्या सुरुवातीला, शाळा सकाळची झाली तेव्हा मी एकटी गेले. बस लवकर पोचायची आणि आमचं काम दहाला सुरू व्हायचं, मधले दोन तास माझे होते. मुलं पाढे म्हणत होती. कपाटाला कुलूप होतं.

"गुरुजी, पुस्तकं?"

"सुरक्षित आहेत."

"पण मुलांना देत नाही का?"

"मॅडम," गुरुजींनी खडू खाली ठेवला. "ही पुस्तकं आता शाळेच्या मालाच्या वहीत चढली आहेत. घंटा, बाकं, नकाशे, पुस्तकं. एक हरवलं तर मी खुलासा लिहायचा. बाक कुणी घरी नेत नाही. पुस्तक नेतात."

"ग्रंथालयातलं पुस्तक घरी न्यायचंच असतं."

"बरोबर आहे. मग तुम्ही बसा इथे. कुणी काय नेलं ते बघा. मला चार इयत्तांची परीक्षा घ्यायची आहे." त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. उपरोधानं ठेवली होती, हे मला समजत होतं. मी ती उचलली.

तिथून पुढचे सात आठवडे. आज मागे वळून पाहताना वाटतं, माझ्या सगळ्या आयुष्यात इतकी जागी मी पुन्हा कधी नव्हते. आणि इतकी दमलेलीही. पहाटेची बस, शाळा, मग संध्याकाळपर्यंत थंड खोलीतलं काम. दुपारी पडद्यावरची अक्षरं एकमेकांत मिसळायची. पण सकाळी शाळेच्या वाटेवर हवा गार असायची, नुकत्याच काढलेल्या हरभऱ्याचा आंबटसर वास असायचा, सावरीची लाल फुलं मातीत पडलेली असायची. नऊ वाजले की छपराचा पत्रा तापून तडतडायला लागायचा. त्या आवाजावर मुलं वेळ ओळखायची. एक जण मला म्हणाला, "पत्रा बोलला, आता खिचडी."

खिचडी शिजवायच्या वच्छलाबाई. वाडीतल्याच. नवरा गेलेला, मुलगा कुठल्याशा इमारतीवर रखवालदार. गुरुजींनंतर शाळेत मोठं माणूस त्या एकट्याच. पहिल्या दिवशी त्या मला नुसत्या बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी चित्रांच्या पुस्तकांवर मराठी मजकुराच्या पट्ट्या चिकटवत बसले होते. रात्री घरी कागदावर लिहून, कापून आणायचे, इंग्रजी ओळीवर लावायचे. डिंकानं पानं चुरगळत होती.

"खळ करून देऊ का?" त्यांनी विचारलं. चुलीच्या कडेला वाटीभर पीठ त्यांनी पाण्यात शिजवलं. त्या कोमट खळीनं पट्ट्या अशा बसल्या की जणू छापल्याच होत्या.

मग त्या शेजारी टेकल्या आणि एक पट्टी वाचू लागल्या. अक्षराला अक्षर जोडत, ओठ हलवत. तिसरीतून शाळा सुटली होती म्हणाल्या. "म्हा-ता-री उ-द्गा-र-ली..." त्या थांबल्या. "ह्ये उद्गारली म्हंजी काय?"

"म्हणाली."

"मग म्हनाली लिवा की. उद्गारली म्हनल्यावर पोरांना वाटंल म्हातारीला काय तरी झालं."

मी पट्टी काढून नवी लिहिली. तेव्हापासून ते रोजचंच झालं. मी लिहून आणायचे, त्या वाचायच्या आणि नापास करायच्या. "अरेरे आसं कोन म्हनतं?" "किती ग्वाड बोलतंय ह्ये पोरगं, आजारी हाय का?" मला हसू यायचं आणि मनातून लाजही वाटायची. नागपूरहून आले तेव्हा माझ्या बोलण्यातल्या 'करून राहिली, जाऊन राहिली'वर ऑफिसात लोक हसायचे, कौतुकानंच. वर्षभरात मी ते सगळं पुसून टाकलं होतं आणि पुस्तकातलं मराठी बोलायला लागले होते. एकदा एका पोरानं खळीची वाटी लवंडली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काय करून राहिला रे!" वच्छलाबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "आत्ता कशा मानसावानी बोलल्या ताई."

एका पुस्तकात बर्फात बुडालेलं गाव होतं. मुलांना बर्फ ठाऊक होता तो गोळेवाल्याचा. सगळा रस्ता गोळ्याचा आहे या कल्पनेनं वर्ग खूष झाला. वच्छलाबाई मात्र चित्र निरखून म्हणाल्या, "एवढा बरफ पडल्यावर वाळलं जळण कुठनं आनत्यात ही लोकं?" त्या पुस्तकाच्या लेखकाला आणि पुस्तक पाठवणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडला असेल असं मला वाटत नाही.

रविवारी मी अप्पा बळवंत चौकात जाऊन मराठी पुस्तकंही आणायचे. पिशव्या घेऊन बसमधून येताना खांदे भरून यायचे. पण हळूहळू कपाटाचे कप्पे बदलत गेले. वरच्या दोन कप्प्यांत हात पोचणार नाही तिथे केक आणि घोडे. खाली मुलांच्या उंचीला वाचण्यासारखं. मुलं पुस्तकं घरी नेऊ लागली. एका वहीत नाव आणि पुस्तक लिहायचं, बस्स. पुस्तकं परत यायची ती तेलाचे, हळदीचे डाग घेऊन, सिमेंटचा भुरा घेऊन. मला ते डाग आवडायचे. गुरुजींना आवडायचे नाहीत, पण किल्ली त्यांनी परत मागितली नाही.

रेणुका तिसरीत होती. कलबुर्गीकडची, घरी कानडी बोलणारी. आई-बाप आमच्या कंपनीच्या नव्या इमारतीवर कामाला. ती बोलायची फार कमी. तिनं खोक्यांतलं एक भलंमोठं पुस्तक धरलं होतं, त्यात इमारती मधोमध चिरून आतलं सगळं दाखवलेलं. पाया, सळया, नळ, जिने, भिंतीतल्या तारा. त्याला मी पट्ट्या लावल्या नव्हत्या. मजकूर फार होता. ते ती घरी न्यायची, आठवड्यानं आणायची, आणि लगेच पुन्हा नाव घालायची.

"दुसरं घे की एखादं," मी म्हटलं.

"बाबाला पाहिजे," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "बाबा म्हणतो, एका जागी चुकलंय. एवढी सळई पुरत नाही."

मी गुरुजींना ते सांगितलं. ते हजेरी भरत होते. मान वर न करता म्हणाले, "पाठवणाऱ्यांना कळवा. दुरुस्ती करतील."

एप्रिलच्या मध्यावर तपासणीचे साहेब आले. नेमक्या त्या दिवशी मी तिथेच होते. साहेबांनी कपाट पाहिलं, वही पाहिली, एक पुस्तक उघडलं. "हे काय? छापील मजकुरावर कागद चिकटवलेत? देणगीची पुस्तकं विद्रूप केलीत?" मी बोलायला गेले तर ते म्हणाले, "आपण कोण?" मी कंपनीचं नाव सांगितलं. "आपण पाहुण्या. बसा." मग पुस्तकं मोजली गेली. वीसेक घरांत होती, ती परत येणार होती. पण रेणुकाचं पुस्तक परत येणार नव्हतं. चारच दिवसांपूर्वी तिच्या आई-बापांच्या टोळीचं काम संपलं होतं आणि ट्रकमध्ये सामान टाकून सगळे शहराच्या पलीकडच्या टोकाला, खराडीला, नव्या कामावर गेले होते. परीक्षेआधीच. पुस्तक तिच्याबरोबर गेलं.

गुरुजींकडे लेखी खुलासा मागितला. साहेब गेल्यावर मी म्हणाले, "गुरुजी, मी कंपनीकडून पत्र आणते. ही पुस्तकं वापरायला, फाटायला, हरवायलाच दिली आहेत, असं लिहून आणते."

"आणा," ते म्हणाले.

समीर म्हणाला, असं पत्र परदेशातल्या ऑफिसातून यायला हवं, त्यांच्या वकिलांना विचारायला हवं. त्यानं खरंच विचारलं. उत्तर आलं नाही. आणि त्याच आठवड्यात मला त्याच परदेशातल्या ऑफिसात पाठवायचं ठरलं. एप्रिलच्या शेवटी निघायचं, कमीत कमी दोन वर्षं. तेव्हा आमच्या वयाच्या प्रत्येकाला हवं असायचं ते. आईला फोन केला तर ती रडली, बाबांनी त्या वाचनाच्या खोलीत पेढे वाटले. नको म्हणणं मला सुचलंसुद्धा नाही.

मुलांना मी एक शब्द दिला होता. एक मेला निकाल लागतो, त्या दिवशी प्रत्येकाला सुट्टीभर ठेवायला एक पुस्तक माझ्या हातानं द्यायचं. नावंसुद्धा लिहून ठेवली होती, कुणाला कुठलं. निघायच्या गडबडीत मी ती यादी समीरला दिली, तो 'डोन्ट वरी' म्हणाला, आणि मी काळजी सोडली. शेवटच्या सकाळी किल्ली गुरुजींच्या टेबलावर ठेवली. वच्छलाबाई चुलीपाशी होत्या. मी जाते म्हटल्यावर त्यांनी हात पदराला पुसले, पण जवळ आल्या नाहीत. "जावा," म्हणाल्या. "समदी जात्यात." त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दोन वर्षांची सहा झाली. परत आले तेव्हा त्या वाडीतून सहापदरी रस्ता गेला होता. कडुलिंब नव्हता, पत्रा नव्हता. शाळा पलीकडे नव्या इमारतीत गेली होती. तिथे संगणकांची खोली होती आणि तिच्या दारावर आमच्या कंपनीची पाटी. खिचडी कुठल्याशा मोठ्या स्वयंपाकघरातून टेम्पोनं यायची. वच्छलाबाई मुलाबरोबर तळेगावकडे गेल्या, इतकंच एकानं सांगितलं. मी शोधते म्हटलं आणि शोधलं नाही. नंतर कंपन्या बदलल्या, मी खराडीला घर घेतलं. मधल्या वर्षांत आणखी किती तरी शाळांत कपाटं पोचवली, फिती कापल्या. उद्घाटनानंतर महिन्याभरानं त्यांतल्या कुठल्याही शाळेत गेले नाही. गेले असते तर काय दिसलं असतं, ते मला माहीत होतं.

गेल्या मार्चमध्ये मात्र राहवलं नाही. त्या नव्या शाळेतल्या बाईंकडून गुरुजींचा नंबर मिळवला आणि भोरजवळच्या त्यांच्या गावी गेले. गुरुजी आता सत्तरी ओलांडलेले. अंगणात खाटेवर बसले होते, अंगात पांढराच शर्ट, इस्त्रीचा. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"या मॅडम. निकालाला आलात?"

मला वाटलं होतं चहापाण्यानंतर बोलणं तिथवर येईल. ते दारातच आलं. 

"पोरं थांबली होती," गुरुजी म्हणाले. "अकरापर्यंत. मी सांगितलं, मॅडम विमानात आहेत. मग सगळी वर बघत बसली. तिथून विमानं जात नाहीत फारशी."

"समीरकडे मी यादी दिली होती."

"कुणी आलं नाही." ते साधेपणानं म्हणाले. "पुस्तकं मी वाटू शकलो असतो. कपाट तिथंच होतं. पण माझ्यावर खुलासा होता. निकाल दिले, मुलं गेली, आणि मी कपाटाला कुलूप घातलं. त्यामुळे तुम्ही एकट्याच वाईट वाटून घेऊ नका."

सुनेनं चहा आणून दिला. मी विचारलं, "खुलाशाचं काय झालं?"

"त्या पुस्तकासाठी गेलो होतो मी. मे महिन्यात, खराडीला. दोन बसा बदलून. तिथं तेव्हा नुसते पाये खणलेले होते सगळीकडे. तीन ठिकाणी विचारलं, चौथ्या ठिकाणी सापडली. पत्र्याची खोली. तिचा बाप दारात बसलेला, पुस्तक मांडीवर उघडं, भोवती पाच-सहा गवंडी. पोरगी इंग्रजी वाचत होती. जमेल तसं, जुळवून जुळवून. आणि बाप कानडीत समजावत होता, ही सळई कशाला, हा नळ कुठं जातो. मधेच ती अडली की तो चित्र बघून सांगायचा, आणि त्यावरून ती शब्द ओळखायची." गुरुजींनी कप उचलला. "मी उभा राहिलो थोडा वेळ. त्यांनी पाणी दिलं. बापानं पुस्तक मिटून माझ्यापुढे धरलं. त्याला कळलं होतं मी कशाला आलो ते."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, पोरीचा निकाल सांगायला आलोय. पास आहे."

"पण तिनं परीक्षा दिलीच नव्हती."

"तोंडी घेतली की मी. उभ्या उभ्या." त्यांनी बशीत चहा ओतला. "खुलाशात लिहिलं, सदर पुस्तक वाचकाकडे आहे. वर कुणाला ते पटलं नाही. पुढच्या वर्षी बदली झाली, वेल्ह्याला, पार डोंगरात. चालायचंच. तिथली हवा चांगली होती."

अंगणात चिंचेच्या सावलीत शेंगांचा ढीग होता. त्यांची सून आणि शेजारची एक बाई चिंचा फोडत होत्या, टकटक आवाज येत होता. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की ती सगळी खटपट फुकट गेली. आणि त्या सांगण्यात एक आरामही होता, कारण फुकट गेलेल्या गोष्टीला कुणी जबाब मागत नाही. आता समोर बसलेल्या माणसानं जबाबही मागितला होता आणि आपला हिशेबही तितक्याच सरळपणे सांगून टाकला होता. दमणूक काही कमी झाली नाही. पण ती वाटून घेतल्यासारखी झाली.

"आणि वच्छलाबाई?" मी विचारलं. "त्यांचा मी नीट निरोपही घेतला नाही."

गुरुजी पहिल्यांदा हसले. "तिला कुलूप लागू नव्हतं. जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी समोर उभी राहिली. म्हणाली, गुर्जी, पोरांना देत नसलासा तर मला द्या, मी काय कुठं ट्रकात बसून जात न्हाई. रोज एक न्यायची. तुमच्या पट्ट्यांची झाली, मराठी झाली, मग नुसती चित्रं बघून ती केकची आणि घोड्यांचीसुद्धा. माझी बदली झाली तोवर वरचा एकच कप्पा राहिला होता तिचा."

"वाचायच्या कधी?"

"चुलीपाशी." गुरुजींनी बशी खाली ठेवली आणि जरा आवाज उतरवून, जणू अजून कुणी तपासणीला येणार आहे अशा बेतानं म्हणाले, "दोनदा खिचडी करपली. वर कळवलं नाही मी."